चार बोटं वर, चार बोटं खाली

मित्रांनो, नांदेडच्या कडेला, विहाराच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली एक बुटकी पांढरी गाडी उभी असते. ती मी. पांढरी म्हणायची एवढंच. ऊन खाऊन खाऊन माझा रंग आता दुधावरच्या जुन्या सायीसारखा झाला आहे. उजव्या दाराला पोचा आहे. मागचा एक दिवा फुटला होता, त्यावर लाल कागद चिकटवला आहे. गल्लीतली चौथीतली पोरं माझ्या टपावर सहज हात टेकवतात, एवढी मी ठेंगणी.

पण जन्मतः मी अशी नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी उंची चारचौघींसारखीच होती. लातूरच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याने मला घेतलं. सकाळी मोंढ्याचा बाजार, संध्याकाळी घर, वर्षातून एकदा माहूरला रेणुकामातेचं दर्शन. सहा वर्षं मी त्या माणसाकडे होते. त्याने कधी माझं कौतुक केलं नाही, आणि मला कधी शिवीही दिली नाही. मग त्याने मोठी गाडी घेतली आणि मी नांदेडला शारिककडे आले.

शारिक तेव्हा पंचवीसचा असेल. देगलूर नाक्याजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. माझी चावी हातात आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर मला पाशामियाँच्या गॅरेजात नेऊन सोडलं. म्हणाला, "चाचा, हिला जमिनीला चिकटवा."

पाशामियाँ म्हणजे पन्नाशीचा, कमी बोलणारा, हाताने काम करताना ओठ मिटून घेणारा माणूस. त्याने माझ्या चारही चाकांमागचे जुने शॉकअप काढले आणि कमीजास्त करता येणारे नवे बसवले. हे काय असतं ते सांगते. लोखंडाची एक नळी असते. बाटलीच्या तोंडाला असतात तसे आटे त्या नळीवर वरपासून खालपर्यंत कोरलेले असतात. आट्यांवर दोन कड्या फिरतात. वरच्या कडीवर स्प्रिंग बसते, खालची कडी तिला जागेवर आवळून धरते. हुक पान्याने कड्या वर फिरवल्या की गाडी उचलते, खाली फिरवल्या की गाडी बसते. पाशामियाँने कड्या तळापर्यंत नेल्या आणि मी चार बोटं खाली आले.

त्यानंतरचे दिवस कौतुकाचे होते. शारिक मला रोज धुवायचा. पोरं माझ्यापुढे वाकून फोटो काढायची. रस्त्यावरचे गतिरोधक मात्र माझे वैरी झाले. प्रत्येक गतिरोधकावरून मला तिरकं करून, एकेक चाक चढवत न्यावं लागे. तरीही पोट खरवडायचंच. शारिकचं लग्न झालं, नाझनीन घरात आली. तिला दिवस गेल्यावर ती म्हणाली, "ह्या खटाऱ्यात मी दवाखान्यात जाणार नाही. प्रत्येक खड्डा पोटात कळतो." तिचं काही चुकलं नव्हतं. शारिकने मला पाशामियाँच्या गॅरेजाबाहेर विकायला उभं केलं आणि चिखलात चालणारी उंच गाडी घेतली.

मी तिथे आठ महिने उभी होते. माझ्या काचेवर धुळीचा एवढा थर बसला की पोरांनी त्यावर बोटाने नावं लिहिली. बघायला येणारे वाकून माझं पोट पाहायचे आणि मान हलवून निघून जायचे. उन्हात सावली शोधणारं कुत्रंसुद्धा माझ्याखाली शिरत नव्हतं, कारण जागाच नव्हती.

मग एका दुपारी केरबा आला.

साठी ओलांडलेला, खिशाला दोन पेनं, हातात शिंप्याकडची टेप. त्याने माझं बॉनेट उघडलं नाही. टायर पाहिले नाहीत. मागचं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि जमिनीपासून माझ्या सीटपर्यंत टेप लावली.

पाशामियाँ हातातलं काम सोडून बघत राहिला. "दादा, गाडी घेऊन राहिले का कपडा?"

"शीट जमिनीपासून किती वर हाय, ते पाहून राहिलो."

"लोक इंजिन पाहतात."

"इंजिन येताना ऐकलं. तुमच्या माणसानं चालू केली होती ना मघाशी. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली माझी, कानाला कळतं." त्याने टेप परत एकदा लावली. "अर्धा इंच कमी भरून राहिलं. अर्धा इंच वर व्हईल का?"

"होईल. पण असली गाडी लोक आणखी खाली करायला आणतात. तुम्ही वर करायला सांगून राहिले?"

केरबाने टेप गुंडाळली आणि मग सांगितलं. त्याची बायको कोंडाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. चार वर्षांपूर्वी ओल्या जिन्यावरून पडली, पाठीच्या मणक्याला मार बसला आणि कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. दुसऱ्या वर्षी लातूरला पुतणीचं लग्न होतं. तिथे न्यायला जीप आणली. चार माणसांनी तिला उचललं आणि उचलताना तिचं लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. गल्ली बघत होती. लग्नात ती कुणाशी बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता मला कुणी उचलायचं न्हाई." त्या दिवसापासून दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

"हातात ताकद लई हाय तिच्या," केरबा म्हणाला. "खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर फळी टाकून आपली आपण सरकती. पण दोन्हीकडं सारखी उंची लागती. गाडीचं शीट खुर्चीपेक्षा वर असलं की सरकता येत न्हाई. नांदेडातल्या समद्या जुन्या गाड्यांना टेप लावून झाली. ही पहिलीच गाडी अशी, जी खालून वर यायची हाय."

पाशामियाँने हुक पाना घेतला आणि तिथल्या तिथे माझं मागचं चाक काढलं.

मला केरबाच्या घरी नेलं ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शेजारची माणसं दारात जमली होती. केरबाने आधी त्यांना हात जोडले. म्हणाला, "आत जा बरं समदे." माणसं आत गेली. पाशामियाँही पाठ करून उभा राहिला. केरबाने सागवानाची घासून गुळगुळीत केलेली फळी खुर्चीवरून माझ्या सीटवर टाकली.

कोंडाबाई थोराड बांध्याची, कपाळावर आठ्या घालून बघणारी बाई. तिने फळीवर तळहात दाबून पाहिला. मग म्हणाली, "कुणी हात लावू न्हका."

एक हात फळीवर, एक हात माझ्या दाराच्या कडेवर. दोन वेळा थांबली. तिसऱ्या वेळी अंग झोकलं आणि सरकत आली. मग वाकून एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, पदर नीट केला आणि समोर बघत म्हणाली, "बसले."

माझी मागची स्प्रिंग तिच्या वजनाने थोडी दबली. मित्रांनो, माझ्यात याआधी कितीतरी माणसं बसली होती. पण माझ्यात बसण्यासाठी कुणाला एवढं करावं लागलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं माझ्या सगळ्यात चांगल्या कामाची. पौर्णिमेला विहार, महिन्याला दवाखाना, कधी तिची जुनी अंगणवाडी. लोक हसायचेही. सिग्नलला शेजारी मोटारसायकल थांबायची आणि पोरं म्हणायची, "आजोबा, रेस लावता का?" केरबा गंभीरपणे मान हलवून म्हणायचा, "आज न्हाई, आज मालकीणबाई सोबत हायत." मागे कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसायची. दोन वर्षं न हसलेली बाई.

पण तिच्या मनात एक जागा होती, तिथे मी तिला नेऊ शकत नव्हते.

हिमायतनगरच्या पलीकडे पळसधरा नावाचं लहान गाव आहे. तिथे तिची थोरली बहीण चतुराबाई राहायची. आई लवकर गेल्यामुळे तिनेच कोंडाबाईला वाढवलेलं. काचबिंदूने चतुराबाईची नजर गेली होती. एसटीत बसली की चक्कर यायची, दोनदा ती फाट्यावरच पडली होती. त्यामुळे तिलाही नांदेडला येता येत नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. कोंडाबाई कधी कधी माझ्यात बसूनच बोलायची, म्हणून मला ऐकू यायचं.

"कोंडे, तुझ्या डोक्याला हात लावून सहा वर्षं झाली गं."

"येते, आक्का."

"कशी येणार? वाट कुठं हाय तुझ्यासारखीला."

खरंच वाट नव्हती. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडे पाच किलोमीटरवर संपायचा. पुढे धोंडे, बैलगाडीच्या खोल चाकोऱ्या आणि मधे एक ओढा. माझ्यासारखी ठेंगणी गाडी पहिल्याच धोंड्यावर अडकली असती. पाशामियाँने मला उंच केलं असतं तर मी गेले असते. पण मग सीट खुर्चीच्या वर गेलं असतं आणि कोंडाबाईला बसता आलं नसतं. केरबाने वहीवर आकडे मांडून पाहिले. जिथे ती बसू शकेल तिथून गाडी जात नव्हती, आणि गाडी जाईल एवढ्या उंचीवर ती बसू शकत नव्हती.

तोड कोंडाबाईनेच काढली. एके दिवशी पाशामियाँ माझे ब्रेक बघायला आला होता. ती खुर्चीतून म्हणाली, "पाशाभाऊ, ही गाडी वर-खाली व्हती म्हणता ना? मग मी बसल्यावर वर करा की. रस्त्यात."

पाशामियाँ केरबाकडे बघू लागला. केरबा पाशामियाँकडे. दोघांचंही आयुष्य गाड्यांखाली गेलेलं, आणि दोघांनाही हे सुचलं नव्हतं.

"भाभी, जॅकवर गाडी असताना आत बसून राहावं लागेल. भीती वाटेल."

"मी सहा वर्षं बसूनच हाय," ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. भोकर मागे पडलं, हिमायतनगर मागे पडलं. डांबर संपलं तिथे पाशामियाँने मला एका झाडाखाली घेतलं. सगळीकडे पळस फुललेला होता. त्याने जॅक लावला, चाकाशेजारी लोखंडी स्टँड ठेवले, एकेक चाक काढलं. खालची कडी ढिली करायची, मग वरची फिरवायची. एका वेढ्याला गाडी तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी उचलायची. एका चाकाला पस्तीस वेढे, असं चारही चाकांना. केरबा पाना धरायचा, पाशामियाँ घाम पुसायचा, मग उलट. आत कोंडाबाई दोन्ही हातांनी पुढचं सीट धरून बसली होती. मी हलले की डोळे मिटायची, पण पुरे म्हणाली नाही.

दोन तासांनी मी चार बोटं वर होते. किती वर्षांनी माझं पोट जमिनीपासून सुटलं होतं! धोंड्यांवरून मी डुलत गेले. ओढ्याचं पाणी चाकांना लागलं, चिखल उडून आतपर्यंत गेला, पण काही खरवडलं नाही. उन्हं चढली तेव्हा आम्ही चतुराबाईच्या अंगणात होतो.

आता बेत असा होता, की अंगणात मला परत खाली करायचं, म्हणजे कोंडाबाई खुर्चीत उतरेल आणि जाताना पुन्हा चढेल. पाशामियाँने डिकीतून जॅक काढलाही. पण चतुराबाई थांबली नाही. पातळ, वाळकी म्हातारी. तिने इंजिनाच्या आवाजावरून अंदाज घेतला, माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि चाचपत चाचपत मागच्या दाराशी आली.

"कोंडे?"

"आक्का."

म्हातारीने दार उघडलं आणि आत चढून बसली.

"आक्का, थांब, गाडी खाली करून राहिलेत, मी येते घरात."

"कशाला? बसलोत की दोघी."

ती बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. मग खांद्यावरून, दंडावरून. मग खाली मांडीवर आली आणि थांबली. कोंडाबाई पडल्यापासून तिने बहिणीचे पाय कधी शिवले नव्हते.

"इथं हात लावला तर कळतं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई, आक्का."

हात वर सरकला, कंबरेच्या वर, पाठीशी. "इथं?"

"इथं कळतं."

"मग इथंच ठेवते," चतुराबाई म्हणाली. आणि ती दुपार टळेपर्यंत तिने तो हात काढला नाही. तिचा मुलगा नागसेन याने ताटं गाडीतच आणून दिली. भाकरी, चटणी, अंबाडीची भाजी. कोंडाबाई घास मोडून बहिणीच्या हातात द्यायची. पाशामियाँ आणि केरबा ओसरीवर बसून राहिले, गाडीकडे कुणी गेलं नाही.

नांदेडला परतल्यावर पाशामियाँने माझ्या कड्या वरवर पुसल्या आणि मला पुन्हा खाली आणलं. जाताना बजावलं, "दादा, ही नुसती वरवरची सफाई आहे. ओढ्याचा चिखल आट्यांत गेलाय. आठवड्याभरात आणा, खोलून धुतो, ग्रीस भरतो. कड्या एकदा धरल्या की ऐकत नाहीत."

"आणतो," केरबा म्हणाला.

आणि त्याने आणलं नाही. असं नाही की तो आळशी होता. तीस वर्षं त्याने ड्रायव्हरांना ग्रीससाठी फैलावर घेतलं होतं. पण तो आठवडा विहारातल्या कार्यक्रमात गेला. पुढचा कोंडाबाईच्या तापात. मग ऊन वाढलं. शहरात तर मी ठीकच चालत होते. पुन्हा पळसधऱ्याला जाऊ तेव्हा बघू, असं तो म्हणायचा. पावसाळ्यात शेड गळायची, पाणी चाकांमागे झिरपायचं. माझ्या आट्यांत गंज धरू लागला. मला ते कळत होतं. पण मित्रांनो, गाडीला तोंड नसतं. जे बिघडलेलं दिसत नाही, ते तिला सांगता येत नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी नागसेनचा फोन आला. "मावशी, आईचं काही खरं न्हाई. तीन दिवस पोटात काही न्हाई. तुझंच नाव घेऊन राहिली."

केरबाने मला थेट गॅरेजात नेलं. येताना कोंडाबाई मागे होतीच. इथेच कड्या वर करून घ्याव्यात, तिकडे वेळ जायला नको, असं ठरलं. पाशामियाँने पहिलं चाक काढलं, पाना लावला, जोर दिला. कडी हलली नाही. तेल मारलं, थांबला, पुन्हा जोर दिला. दुसरं चाक काढलं. तेही तसंच. पान्याला नळी अडकवून दोघे लटकले, तेव्हा कडीचा दात तुटून फरशीवर पडला.

दोन तास गेले. मी चारही चाकं काढून स्टँडवर उभी होते आणि मागच्या सीटवर कोंडाबाई बसलेली होती. फोन पुन्हा वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकलं आणि ठेवला.

केरबा माझ्या चाकाच्या खाचेत डोकं घालून बसला होता. हात रक्ताळले होते. "माझी चूक हाय," तो म्हणत होता. "माझी चूक हाय. पाशाभाऊनं सांगितलं व्हतं."

"अवो," कोंडाबाईने हाक मारली. "उठा. जीप बघा कुणाची."

"तू जीपमधे कशी..."

"उचला मला," ती म्हणाली. "पोत्यावानी उचला. पण न्या."

गॅरेजसमोरून भाड्याची जीप थांबवली. चार माणसं आली. पाशामियाँने घरातून बायकोची, वहिदाची, चादर मागवली. कोंडाबाईच्या कंबरेपासून पायांपर्यंत ती घट्ट गुंडाळली, आणि मग त्या चौघांनी तिला माझ्यातून बाहेर काढलं. तिने डोळे मिटून घेतले होते. रस्त्यावर दोन-चार माणसं बघायला थांबलीच. जीप गेली. मी स्टँडवर तशीच राहिले, मागचं दार उघडं.

त्या पाच दिवसांसारखे लांब दिवस मी पाहिले नाहीत. गॅरेजाबाहेर आठ महिने काढले, तेव्हासुद्धा नाही. तेव्हा मला कुणाची वाट बघायची नव्हती.

पुढचं मी ऐकलं ते केरबाने पाशामियाँला सांगितलं म्हणून. बहीण भेटली. जिवंत भेटली. बोलता येत नव्हतं, पण हात ओळखला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जलदान विधी झाला तेव्हाही कोंडाबाई तिथेच होती. येताना पुन्हा चौघांनी उचललं.

घरी आल्यावर तिने खुर्ची ढकलत शेडपर्यंत आणली. तोपर्यंत पाशामियाँने मला कशीबशी चाकं लावून पोचवलं होतं. केरबा मान खाली घालून उभा होता.

"रागव," तो म्हणाला.

"रागावून काय व्हतंय? आक्का भेटली." मग म्हणाली, "महिन्यानं आक्काचं पुण्यानुमोदन हाय. त्याला मी माझी मी जाणार. तेवढं बघा."

त्या दिवसापासून केरबा माझ्याजवळ बसू लागला. रोज सकाळी चहा झाला की रॉकेलचा डबा, दात घासायचा जुना ब्रश आणि चिंधी. एकेक आटा तो उकरून काढायचा. बसलेला गंज, त्याखाली ओढ्याचा वाळलेला चिखल, त्याखाली आणखी गंज. रात्रभर तेल मुरू द्यायचा आणि सकाळी पाना लावायचा. पहिली कडी चौथ्या दिवशी सुटली. दात तुटलेली कडी पाशामियाँने कापून काढली आणि हैदराबादहून दुसरी मागवली. शेवटची कडी एकविसाव्या दिवशी 'कट्' करून फिरली. केरबा तिथेच मातीत मांडी घालून बसला आणि त्याने डोळे पुसले. कोंडाबाई खुर्चीतून बघत होती. तिने त्याच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. डांबर संपलं तिथे कड्या लोण्यासारख्या वर चढल्या. पळसधऱ्याच्या अंगणात माणसं जमली होती, तरी मी थांबल्यावर माझ्या बॉनेटवर कुणी हात ठेवला नाही.

पाशामियाँ घुटमळला. "भाभी, गाडीतच बसता का? कार्यक्रम इथनं ऐकू येईल. माईक आहे."

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "त्या येळी आक्का माझ्याकडं आली व्हती. आता मला जायला पाहिजे. खाली करा."

त्याने माझी चारही चाकं काढली आणि सगळ्या गावासमोर, दीड तास घेऊन, मला चार बोटं खाली उतरवलं. वंदना थांबवून ठेवली होती. कुणी घाई केली नाही. नागसेनने सगळ्यांना तोंड फिरवायला सांगितलं आणि माणसांनी ती फिरवली. कोंडाबाईने फळी टाकायला लावली, तळहाताने दाबून पाहिली आणि सरकली. खुर्चीत बसली. पदर सारखा केला. मग स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत अंगण ओलांडून, उंबऱ्याला टाकलेल्या दगडावरून, बहिणीच्या घरात गेली. पडल्यापासून पहिल्यांदाच आपली आपण.

मला आतलं दिसत नव्हतं. मी अंगणात दार उघडं ठेवून थांबले. वंदना झाली, जेवणं झाली. उन्हं कलली तेव्हा ती आली, आणि जशी गेली तशीच, कुणाचा हात न लागता, माझ्यात परत आली.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. लांबच्या प्रवासाला मला कुणी नेत नाही. तरी दर महिन्याला केरबा माझ्या कड्या एकदा वर नेतो, एकदा खाली आणतो. आट्यांत ग्रीस भरतो. जायचं कुठेच नसतं. पळसधऱ्याला आता फोन उचलणारी ती नाही. तरी तो करतो. कोंडाबाई विचारत नाही कशाला म्हणून.

माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. तुमच्या घरात सायकल असो, शिवणयंत्र असो, दवाखान्यातून आणलेली चाकाची खुर्ची असो, चालतंय तोवर तिच्याकडे बघा. लागेल तेव्हा बघू म्हणून ठेवलेली वस्तू नेमकी लागते त्याच सकाळी अडून बसते, आणि तिची किंमत भलत्याच माणसाला चुकवावी लागते. आणि कुणाला उचलायची वेळ आली, तर आधी त्याला विचारा. जमलं तर स्वतःच थोडं खाली व्हा.

उद्या पौर्णिमा आहे. केरबाने फळी पुसून भिंतीला टेकवून ठेवली आहे. माझ्या सीटची उंची साडेएकोणीस इंच आहे, बरोब्बर कोंडाबाईच्या खुर्चीएवढी.